माहिती अपुरी आहे

५ जानेवारी, रविवार

सर्व खुर्च्या टेबले आहेत. — असं छापलंय! मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. क्षितिजाला म्हटलं, "अगं, छापणाऱ्याची चूक झालीय. खुर्ची टेबल कशी असेल?" तर कपाळाला हात लावून म्हणते, "आई, असं मानायचं. तू फक्त वाच."

वाचलं. काही टेबले झाडे आहेत. (आता झाडं!) निष्कर्ष एक — काही खुर्च्या झाडे आहेत. निष्कर्ष दोन — काही टेबले खुर्च्या आहेत. कोणता निघतो?

ती म्हणाली, दोन्ही. मागच्या पानावर उत्तर पाहिलं. फक्त दुसरा. तिने उशीत तोंड खुपसलं.

मागच्या लिपिक भरतीत पोरगी दोन गुणांनी गेली. दोन! मराठी चांगलं, गणित चांगलं, आणि ह्या 'विधाने व निष्कर्ष'मध्ये सात प्रश्न चुकले. जूनमध्ये सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यातली बिलं बनवायची नोकरी सोडून अभ्यासाला बसली. ह्यांना ते अजून पटलेलं नाही. हेही सातिवलीलाच, गोदामावर स्टोअरकीपर. रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारतात, "काय कलेक्टरीणबाई, कुठवर आलं?" ती हसत नाही.

तिची खोड म्हणजे घाईत वाचते, मधले शब्द गिळते. म्हणून आज ठरलं — प्रश्न मी मोठ्याने वाचायचा, उत्तर तिने द्यायचं. माझी भाजी निवडून होते, तिच्या कपड्यांच्या घड्या होतात. मी दहावी पास. समजलं नाही तरी वाचता येतं!

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिलीत. वाया कशाला घालवायची. इथेच लिहीन.

७ जानेवारी, मंगळवार

वीसपैकी अकरा. तरी देवापुढे गूळ ठेवला. अकराला कसला गूळ, पण ठेवला.

१२ जानेवारी, रविवार

पॉलिन गिरीजहून वाडीतली केळी आणि भाजी घेऊन आमच्या जूचंद्रच्या बिल्डिंगखाली बसते. आज वेलची केळी घेताना माझ्या तोंडून गेलं, मुलीला हे बुद्धिमत्तेचं जमत नाही. तर म्हणाली, "वसुंधराताई, मग आमच्या गॉडफ्रे सरांकडे पाठवा ना! बँकेतून रिटायर झालेत. चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये शिकवतात, बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी. एक पैसा घेत नाहीत. माझी रोझमेरी जाते."

मी जरा चाचरत विचारलं, "आमची चालेल ना तिथे?"

"अहो, ते काय जात विचारून बेरीज शिकवतात?"

लाजले मी.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "फुकट शिकवतात म्हणजे शिकवून शिकवून काय शिकवणार!" म्हटलं, देवळातलं कीर्तनसुद्धा फुकटच असतं. 

१५ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस, म्हणून मीही गेले. दोन बस बदलून गिरीज. हॉलमध्ये पंधरा-सोळा मुलं. गॉडफ्रे सर काटकुळे, पांढरा शर्ट, पण आवाज असा की बाहेरची कोंबडी उडाली. मी मागच्या बाकावर वाटाणे सोलत बसले. पाच मिनिटांत सर थांबले. "मागे कोण आहे? शेंगांचा आवाज येतोय." पिशवी बांधून ठेवली.

सर म्हणाले, "सर्व मासे उडतात. पापलेट मासा आहे. काय निघतं?"

एक मुलगी म्हणाली, "सर, पापलेट नाही उडत!"

"उडतं का, ते मी विचारलंच नाही. मी विचारलं, दिलेल्यावरून काय निघतं?"

"...पापलेट उडतं."

"शाब्बास. कागदावर आहे ते खरं. तुम्हाला घरून जे माहीत आहे ते दारात ठेवायचं, चपलांच्या शेजारी."

मला हे फार आवडलं. व्रताची कहाणी वाचताना आपण विचारतो का, साती समुद्रापलीकडे राजा होता तर कुठल्या तालुक्यात? सांगितलंय ते मानायचं आणि त्याच्या आत राहायचं. इतकी वर्षं करतेच आहे की मी ते!

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी

आज एक मोठी गोष्ट झाली. 

क्षितिजाची एक चूक पुन्हा पुन्हा होते. 'सर्व अमुक तमुक आहेत' असं दिलं की ती 'सर्व तमुक अमुक आहेत' हेही खरं धरून बसते. किती समजावलं, सरांनीही समजावलं. मान हलवते, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच.

दुपारी समोरच्या रंभाकाकू लिंबू मागायला आल्या. क्षितिजा खिचडीची ताटली घेऊन बसलेली. काकू म्हणाल्या, "अगोबाई, तूही संकष्टी धरलीस का?"

"नाही काकू. मला साबुदाणा आवडतो म्हणून खातेय. सकाळी पोळी खाल्ली मी."

माझ्या डोक्यात काहीतरी लखकन झालं. "थांब!" म्हणून ओरडलेच. काकू लिंबू हातात घेऊन तशाच उभ्या. पोळपाटावर पीठ पसरलं. बोटाने एक मोठा गोल काढला — हे साबुदाणा खाणारे. त्याच्या पोटात लहान गोल — हे उपासाचे. "आपल्याकडे उपास करणारे सगळे साबुदाणा खातात. बरोबर? आता साबुदाणा खाणारे सगळे उपासाचे का? तू बघ कुठे आहेस. मोठ्या गोलात आहेस, लहान गोलाच्या बाहेर. हातात ताटली, पोटात पोळी!"

तिने मोठ्या गोलात स्वतःचं बोट टेकवलं. मग म्हणाली, "आई, पुस्तक आण."

दहापैकी नऊ. नऊ! काकू म्हणाल्या, "मला काही कळलं नाही, पण चांगलं झालंय ना?" गजानना, तुझी कृपा.

२ फेब्रुवारी, रविवार

'काही' ह्या शब्दाने आज घर डोक्यावर घेतलं. 'काही मुले हुशार आहेत' यावरून 'काही मुले हुशार नाहीत' असं निघतं का? मी आणि क्षितिजा दोघींनी लिहिलं, निघतं. उत्तर — निघत नाही. काही म्हणजे निदान एक. सगळीसुद्धा असू शकतात!

जेवताना हे म्हणाले, "आज काही पोळ्या मऊ झाल्यात." एरवी मी हा टोमणा धरला असता. आज विचारलं, "बाकीच्यांबद्दल काही म्हणालात का?" म्हणाले, "नाही." मग जाऊ दे. निघत नाही.

क्षितिजाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. किती दिवसांनी!

१० फेब्रुवारी, सोमवार

मन थाऱ्यावर नाही.

क्षितिजाची पिशवी धुवायला काढली. आत मेणबत्ती. लांब, पांढरी, अर्धी जळलेली. पुस्तकात वेलंकनी मातेचं चित्र. गेले दोन बुधवार तिला यायला उशीर होतोय. निळ्या ओढणीवर मेणाचे डाग होते, ते मी इस्त्रीने कागद ठेवून काढले आणि काही बोलले नाही.

मेणबत्ती कोण बाळगतं? चर्चमध्ये लावणारे. ही तिथे कशाला मेणबत्ती लावेल? कुणासाठी तरी. कुणासाठी म्हणजे — कुणीतरी आहे. त्या हॉलमध्ये मुलगेही येतात.

हे घरी आले आणि चहा द्यायच्या आधी माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. निघून गेलं ते गेलंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे सकाळी बोलले. गोदामावरचे एक जोडीदार आहेत, त्यांचा पुतण्या जितेश, विरारला असतो, नोकरी पक्की. दिवाळीपासून विचारतायत. "आता मी त्यांना शब्द देतो. ह्या परीक्षेत निवड झाली तर तिचं ती बघेल. यादीत नाव नसलं तर अक्षय्य तृतीयेला साखरपुडा."

क्षितिजाला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लग्न परीक्षेला कसं बांधता? नापास झाले तर शिक्षा म्हणून?" हे उठून गेले. मग माझ्याकडे वळली. "बाबांना अचानक काय झालं?"

मी कांदा चिरत होते. बरं झालं कांदा होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिला न सांगता मागून गिरीजला गेले. देवा, मला माफ कर.

सात वाजले होते. बसमधून उतरले तर सगळीकडे अंधार. लाईट गेलेली. हॉलच्या खिडक्या मात्र पिवळ्या. आत डोकावले — प्रत्येक बाकावर एक मेणबत्ती. सोळा मुलं, सोळा मेणबत्त्या, आणि सर नाकाजवळ कागद धरून ओरडतायत, "विधान दोन!" क्षितिजा पुढच्या बाकावर, मेणबत्ती ओढणीवर गळतेय आणि ही लिहितेय.

पॉलिन रोझमेरीला न्यायला आलेली. म्हणाली, "हल्ली बुधवारी इथे लाईनचं काम चालतं ना, संध्याकाळभर लाईट नसते. सरांनी सांगितलंय, आपापली मेणबत्ती आणा. वर्ग उशिरा सुटतो मग." वेलंकनीच्या चित्राचं विचारलं. "ते रोझमेरीने दिलं असेल. पानात खूण ठेवायला. आमच्याकडे ढीगभर आहेत."

तिथेच पायरीवर बसले. 

चर्चमध्ये मेणबत्ती लावणारे मेणबत्ती बाळगतात. म्हणून मेणबत्ती बाळगणारी चर्चमध्ये लावते! पोळपाटावर पीठ पसरून मुलीला शिकवणारी हीच का ती बाई? आणि पुढचं तर दिलेल्यात नव्हतंच. मुलगा मी माझ्या घरून आणला होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं सांगितलं तिला. मेणबत्ती, चित्र, बाबांना काय बोलले ते.  मग एवढंच म्हणाली, "आई, तू मला विचारायचं होतंस."

बस. एवढंच.

ह्यांनाही सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा. पण म्हणाले, "आता शब्द देऊन बसलोय. त्या माणसाच्या शेजारी रोज डबा खातो मी. आणि निवड झाली तर प्रश्नच मिटला ना? होऊ दे निवड."

म्हणजे आता माझ्या चुकीचं ओझं तिच्या पेपरावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ती दार लावून स्वतःच वाचते. मी बाहेर गवार मोडते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्वयंपाकघरात आली. पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "वाच."

वाचलं. 

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

नवीन प्रकार सुरू झालाय. एक उतारा देतात, खाली अनुमान. मग ठरवायचं — निश्चित खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी आहे, बहुधा खोटे, निश्चित खोटे.

आजचा उतारा: एका गावात तीन वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या मुलांची संख्या निम्मी झाली. अनुमान: त्या गावातली मुलं आता निरोगी झाली आहेत. क्षितिजाने लिहिलं, बहुधा खरे. मी म्हटलं, "कशावरून? डॉक्टर खेकसत असेल. दुसरा दवाखाना निघाला असेल. गावातली माणसं पोराबाळांसकट कामाला बाहेर गेली असतील." उत्तर पाहिलं. माहिती अपुरी आहे!

क्षितिजा म्हणते, हा पर्याय तिला आवडत नाही. काही येत नसल्यासारखं वाटतं. तिने सरांना विचारलं तेव्हा सर म्हणाले, "सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. मुलांना काहीतरी ठोकून दिल्याशिवाय चैन पडत नाही."

मुलांनाच कशाला?

९ मार्च, रविवार

वीसपैकी अठरा. दोन्ही चुका घाईच्या. तिच्या, माझ्या नव्हेत. मी आता मनातल्या मनात उत्तर देते, ती बोलायच्या आधी. सतरा आले माझे! कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, बस झालं.

१३ मार्च, गुरुवार. होळी

हॉलतिकीट आलं. २३ तारीख, विरार, तिसरं सत्र. क्रमांक १३०४७७. देवाजवळ ठेवलं, वर कुंकू लावायला गेले तर क्षितिजा किंचाळली, "आई, बारकोडवर नको!"

कोपऱ्यात लावलं.

२३ मार्च, रविवार

परीक्षा झाली.

केंद्राबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. आजूबाजूला सगळ्या आया. एकीने जपमाळ आणली होती, एकीने लोकर. मी स्तोत्र म्हणत होते, पण मधेमधे 'सर्व', 'काही', 'एकही नाही' असंच तोंडात यायचं. देव समजून घेईल.

बाहेर आली तेव्हा चेहरा पाहिला आणि... नाही. चेहऱ्यावरून काही काढायचं नाही असं ठरवलंय. विचारलं.

"बरा गेला. निष्कर्षाचे आठ होते. एकाला अडले होते. मग तुझा आवाज ऐकू आला, तू वाचतेस तसा. एकेक शब्द. मग सुटला."

टेकडीवरच्या चंडिकाआईच्या देवळाच्या पायऱ्या संध्याकाळी चढून आले. गुडघा बोलतोय. बोलू दे.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

जितेश आणि त्याचे काका आले होते. 'नुसती ओळख' म्हणून. मुलगा वाईट नाही. हेच अवघड आहे! स्वतःचा कप स्वतः उचलून आत आणून ठेवला. क्षितिजाला विचारलं, "तर्काचे प्रश्न तुम्हाला आवडतात? मला कधीच जमले नाहीत." ती म्हणाली, "मलाही नव्हते जमत." मग मान खाली. जाईपर्यंत मान वर केली नाही.

नको आहे तिला. दिसतंच आहे.

काका जाताना म्हणाले, "मग अक्षय्य तृतीयेला?" हे म्हणाले, "यादी लागू दे, लगेच फोन करतो."

१६ एप्रिल, बुधवार

यादी नाही.

१९ एप्रिल, शनिवार

यादी नाही. पॉलिनने उद्याच्या ईस्टरसाठी केलेला केक आजच आणून दिला. अंड्याचा असल्यामुळे मी नाही खाल्ला, ह्या दोघांनी फस्त केला. म्हणाली, "मी रोझमेरीसाठी प्रार्थना करते तेव्हा तुमच्या मुलीचंही नाव घेते." मी म्हटलं, मी पण. आरतीत रोझमेरीचं नाव घेते हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

यादी लागली.

सकाळी दहाला क्षितिजाच्या मोबाईलवर आली. तिने ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मोबाईल टेबलावर ठेवला. "नाहीये." बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

हे आज कामावर गेले नव्हते.  मग म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द," आणि आपला फोन उचलला.

अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांच्या हातातून कधी काही काढून घेतलं नव्हतं. आज फोन काढून घेतला.

"अगं!"

म्हटलं, "आधी मला वाचू दे."

यादीच्या वर चार ओळींची सूचना होती. मी मोठ्याने वाचली, रोज वाचते तशी. 'सोबतच्या यादीतील सर्व उमेदवार कागदपत्र पडताळणीसाठी पात्र आहेत.'

"झालं तर मग," हे म्हणाले.

"काय झालं? यादीतले सगळे पात्र आहेत. पात्र असलेले सगळे यादीत आहेत, असं कुठे लिहिलंय?"

 मी यादी पहिल्यापासून बोट ठेवून वाचली. आठ पानं. सगळे क्रमांक अकराने नाहीतर बाराने सुरू होतात. तेराने सुरू होणारा एकही नाही. एकही! हॉलतिकिटावर तिसरं सत्र, क्रमांक तेराने सुरू.

हे उठून उभे राहिले. "म्हणजे तिसऱ्या सत्राची यादी वेगळी येणार! म्हणजे तिचं नाव त्यात असणार!"

"तेही निघत नाही."

"मग काय निघतं, बाई?"

"काहीच नाही. यादी येईलच असं निघत नाही. ती पास आहे असं निघत नाही. आणि ती नापास आहे असंही निघत नाही. माहिती अपुरी आहे. फोन करू नका."

नळ बंद झाला होता. क्षितिजा दारात उभी होती, तोंड ओलं. म्हणाली, "बाबा, आई बरोबर बोलतेय."

ह्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि खिशात घातला.

२५ एप्रिल, शुक्रवार

रोझमेरीचं नाव यादीत आहे. ती पहिल्या सत्राला होती. पॉलिन सांगताना रडली, मीही. माझ्या रडण्यात थोडं दुसरंही होतं. ते तिला कळलं असावं, कारण पालकाची जुडी बळेच पिशवीत टाकून गेली.

सरांना फोन केला. म्हणाले, "ताई, बरोबर वाचलंत. तुमच्या जागी मी असतो तर मीही घाबरून चुकलो असतो." खोटं बोलले. पण बरं वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

यादी नाही. गोदामावर जितेशचे काका डबा उघडता उघडता म्हणाले, "मग दिनानाथराव, बुधवारी येऊ ना?" ह्यांनी काय उत्तर दिलं? म्हणाले, "माहिती अपुरी आहे!" काकांना वाटलं ह्यांना उष्णता बाधली. लिंबूपाणी पाजलं त्यांनी.

सांगताना हे हसत होते. मग हसू थांबलं. "त्यांनी नारळ आणून ठेवलेत गं."

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

सकाळी पुरणाची डाळ शिजत घातली. कशासाठी ते स्वतःलाही सांगितलं नाही. सणच आहे, पुरण होतंच.

साडेअकराला तिसऱ्या सत्राची यादी आली. ह्या वेळी क्षितिजाने मोबाईल माझ्या हातात दिला. "तू वाच."

सूचना वाचली. पहिलं पान. दुसरं. हे माझ्या खांद्यावरून बघत होते, श्वास कानावर लागत होता. चौथ्या पानावर बोट थांबलं. १३०४७७.

तीनदा वाचलं. एकेक आकडा. हे म्हणाले, "निघतं ना? आता तरी निघतं ना?"

निघतं!

डाळ खाली लागली. काही पोळ्या बऱ्या झाल्या. गॉडफ्रे सर फोनवर इतक्या जोरात ओरडले की रंभाकाकू दार उघडून आल्या. देवापुढे बसले तर काही मागायचं सुचेना. नुसती बसून राहिले.

विरारच्या मंडळींना आज येऊ नका असं दुपारीच कळवलं. उद्या सकाळी हे रीतसर 'नाही' सांगणार आहेत. वाईट वाटतंय त्यांना. मलाही थोडं. पण तिला नको आहे तर नको.

१ मे, गुरुवार

हे 'नाही' सांगायला फोन लावत होते. क्षितिजा चहा ठेवून म्हणाली, "बाबा, मला जितेश नको असं मी कधी म्हटलं? शिक्षा म्हणून नको होता. एकदा भेटते त्याला, मग काय ते मी सांगेन."

ह्यांनी फोन खाली ठेवला. तिला कुणी विचारलंच नव्हतं!